नांदेडच्या स्टँडवर न्याहाळलेला मुलगा

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगते. नांदेडच्या बसस्टँडवर माझी जी फजिती झाली ना, अजून आठवलं की कान गरम होतात!

झालं काय, दिवाळी अंकाला पाठवलेली माझी कथा परत आली. संपादक फोनवर म्हणाले, "ताई, तुमच्या माणसांना चेहराच नाही. जरा माणसं न्याहाळत जा."

म्हणजे इतकी वर्षं काय मी डोळे मिटून लिहीत होते? लई राग आला. म्हटलं, न्याहाळतेच आता!

लातूरची गाडी लागायची होती. समोरच्या बाकावर तिशीतला एक मुलगा अन् त्याची आई. धरलं मी मुलाला! कान पाहिले, नखं पाहिली, भुवया पाहिल्या. तो बिचारा सारखा शर्टाची बटणं चाचपून राहिला.

आईच्या ध्यानात आलं. म्हणाली, "पाहा बाई, निवांत पाहा. लपवायचं काई न्हाई आमच्यात."

साहित्याची केवढी कदर! मला तर भरूनच आलं. सरकून जवळ बसले.

"जरा हसतो का, बाळा?" दात दिसेनात हो नीट!

"हास की रे, मावशी म्हणून राहिल्या ना!"

हसला.

"आता त्या खांबापर्यंत चालून ये."

गेला, आला. आई सांगत होती, "सुपारीचंबी व्यसन न्हाई. मुदखेडला सवताचं मोबाइलचं दुकान हाय." मी नुसती मान डोलावली. माझं सगळं लक्ष त्याच्या डाव्या खांद्यावर. तिनं चहा मागवला, वर गरम भजी. मग पदर सावरून म्हणाली, "मग आमी कधी यावं?"

"कशाला?"

"मुलगी पाहायला."

"कुणाची?"

"तुमची!"

"अवो, मला मुलगीच नाही! दोन्ही मुलगे आहेत."

"मग माझ्या लेकराला म्हशीवाणी चालवून कशाला पाह्यलं? दात कशाला पाह्यले?"

"वर्णनासाठी! लेखिका आहे मी."

सगळा स्टँड वळून पाहू लागला. मुलगा मान खाली घालून पुटपुटला, "जाऊ दे, आई. हेबी स्थळ गेलं."

हातातलं भजं मी खाली ठेवलं. काय करावं? म्हटलं, "थांबा, याचा झकास परिचय लिहून देते. वधू-वर मेळाव्यात वाचा." भज्यांच्या कागदावर झरझर लिहिलं अन् मोठ्या झोकात वाचून दाखवलं, "उजवा कान डाव्याहून जरा मोठा. पुढचा दात तिरपा. डावा खांदा उतरलेला. चालताना पाय किंचित फेंगडे..."

त्या माउलीनं कागद माझ्या हातातून ओढला, टराटरा फाडला अन् कपाळाला हात लावला.

"अवो बाई, लेखिका म्हणवता सवताला, अन् थोडं खोटं लिहिता येत न्हाई व्हय तुमाला?"