सासूबाईंच्या मृत्युपत्राचा साक्षीदार

मंडळी, धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. आज जे झालं ते कुणाला सांगितल्याशिवाय घरी जाववेना.

माझे मिस्टर गेल्या वर्षी वारले. मी आणि मुलगी कामतघरला सासूबाईंजवळच राहतो. घर त्यांच्या नावावर आहे. त्यांचे गुडघे धरलेत, बँकेची कामं मला करता यावीत म्हणून मुखत्यारपत्र करायला आज वकिलांकडे गेलो. सोबत मोठे दीर होते.

वकील म्हणाले, "आजी, मुखत्यारपत्र तुम्ही आहात तोवरच चालतं. नंतर नाही."

"मंग माझ्यामागं हिला कोणी घरातून काढलं तर?" सासूबाई म्हणाल्या. "घर हिच्या नावावर लिवा."

दीर शेजारीच बसले होते. त्या घरात त्यांचाही वाटा झाला असता.

वकिलांनी आम्हा दोघांना बाहेर पाठवून सासूबाईंना एकटं विचारलं. त्या बधल्या नाहीत. मृत्युपत्र टाइप झालं, आम्हाला परत आत बोलावलं. वकील म्हणाले, "दोन साक्षीदार हवेत. ज्याला यातलं काही मिळणार आहे, तो नको."

"मंग मी चालतो की," दीर म्हणाले. "मला कुठं काय मिळतंय!" शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही बोलावलं. दोघांसमोर सासूबाईंनी अंगठा दिला, दिरांनी हसत सही केली, मग डॉक्टरांनी.

बाहेर आल्यावर मी पदराने डोळे पुसत होते. दीर म्हणाले, "रडतेस काय? रिक्षा बघ, आई उन्हात उभी हाय."

अशा माणसाचे आभार कसे मानायचे, सांगा. आणि तुमच्या घरी मृत्युपत्राचा विषय कुणी काढलाय का?