इंजिनावरचा खोटा नंबर

जुन्या गाडीबद्दल खोटं बोललेलं मला खपत नाही. एका दलालाने नव्या पत्र्याच्या दरवाजाला 'ओरिजिनल' म्हटलं, तेव्हा दिघीतल्या माझ्या गॅरेजमधून मी त्याला कॉलर धरून रस्त्यावर फेकलं होतं. त्याचा दात पडला. लोक म्हणाले, माणूस तापट, पण खरा. मला ते आवडायचं.

धाकटा भाऊ महाळुंग्याच्या कंपनीत फिटर. सुट्टीच्या दिवशी माझ्या मदतीला यायचा. तेव्हा एक साठ वर्षांची गाडी विकायला काढली होती. इंजिन त्याच मॉडेलचं, पण दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेलं. आरसी बुकात नंबर वेगळा. गाडीत जन्मापासूनचं इंजिन असलं की शौकीन जीव टाकतात, नसलं की तोंड फिरवतात. तरीही मी गिऱ्हाइकाला खरं तेच सांगणार होतो.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा इंजिनावरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर आरसी बुकातलाच नंबर उमटला. इंजिनावर बोट फिरवलं तर आकड्यांच्या कडा टोचत होत्या.

भाऊ हसत होता. "जुना घासून काढला, दादा. कंपनीत आमी रोजच आकड्यांचे पंच मारतो. आता कुणाच्या बापाला कळायचं न्हाई." इंजिनावर हात ठेवून तो शाबासकीची वाट बघत होता.

मी हातोडा उचलला. पहिला घाव त्याच्या हातावर रागात बसला, असं म्हणता येईल. तो किंचाळून हात मागे घेत होता, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि दुसरा नेम धरून घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? भाऊ माझ्याकडे बघत राहिला.

"जॅक घसरला," मी म्हणालो.

"व्हय," भाऊ म्हणाला. "घसरला."

संध्याकाळी गिऱ्हाइकाला मी सगळं सांगितलं: इंजिन बाहेरचं आहे, नंबर आमच्याच गॅरेजात मारलाय. त्याने गाडी घेतली नाही, पण माझा हात हातात घेतला. "राव, तुमच्यासारखी खरी माणसं राहिली नाहीत आता."

भावाची दोन बोटं वळत नाहीत. कंपनीने त्याला फिटरच्या कामावरून काढून स्टोअरला बसवलं. मी त्याच्या घरी गेलो की त्याची बायको चहा पुढे करत म्हणते, "दादा, त्या दिवशी तुम्ही जवळ होता म्हणून हात तरी वाचला." भाऊ खाली बघतो. मी चहा पितो.