नारळ फॉर सुपारी

सर्व वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या पृथ्वीतलावर नीट बोलता येणारा माणूस सध्या एकच शिल्लक असून तो नागावात, माझ्या वाडीच्या कुंपणापलीकडे राहतो. बाकीचे आपण सगळे नुसता आवाज करतो. हे मत माझं नाही, खुद्द त्यांचं आहे. आणि ज्यांनी बावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये पाठीवर रेडिओसेट वाहिला आणि जे हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यांच्याशी या विषयावर वाद घालायची छाती आमच्या गावात कोणाची नाही. मी त्यांना काका म्हणतो. ते मला सुपारी म्हणतात.

काकांच्या शिस्तीत आधी विचार, मग बटण, मग एक श्वास आणि मग शब्द. हा नियम त्यांनी रेडिओपुरता ठेवला असता तर आमची काही तक्रार नव्हती. पण ते रस्त्यात भेटले तरी तुमचं वाक्य संपल्यावर तुम्ही ‘ओव्हर’ म्हणायची वाट बघत उभे राहतात. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे विषय संपला, उत्तर नको. सिनेमातला शिपाई ‘ओव्हर अँड आउट’ म्हणाला की काका टीव्हीसमोरून उठून जातात. “बोल आणि गप बस, एकाच दमात? कुठल्या पलटणीचा रे हा?” लेकीला सासरी पहिल्यांदा फोन केला तेव्हा ‘आउट’ म्हणून त्यांनी तो ठेवून दिला, आणि बाबा आपल्यावर रागावले असं समजून ती बिचारी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर. गॅसच्या एजन्सीनं गावाचं स्पेलिंग विचारलं, तर काकांनी फौजी थाटात एकेका अक्षराला एकेक शब्द लावत सुरू केलं, “नोव्हेंबर, अल्फा, गोल्फ...” पलीकडची मुलगी म्हणाली, “इतके दिवस कशाला थांबताय काका, सिलिंडर परवाच येईल.”

ग्रामसभेत एकदा सरपंचबाई म्हणाल्या, “काका, जरा रिपीट करा.” काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं की हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. तोफखान्याला ‘रिपीट’ म्हटलं की आधी जिथे गोळे पडले तिथेच आणखी पडतात. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. त्या सभेत विषय गटाराचा होता. गटार अजून तसंच आहे, पण आमची सगळी पंचायत आता ‘से अगेन’ म्हणते.

मागच्या वादळात मोबाइलचे टॉवर आडवे झाले आणि पंधरा दिवस गाव मुकं झालं. तेव्हा काकांनी छोटे वॉकीटॉकी आणवले आणि त्यांचं एक जाळं उभं केलं. प्रत्येकाला सांकेतिक नाव मिळालं. स्वतः काका ‘नारळ’, मी ‘सुपारी’, आणि पर्यटकांना बोटीतून फिरवणारा जयेश ‘शिंपली’. मी वाघ नाहीतर गरुड मागितला होता, काका म्हणाले, “तू घर भाड्यानं देतोस, सरहद्द न्हाय राखत.” टॉवर उभे राहिले तरी जाळं राहिलं, कारण जयेश मोबाइल पाण्यात पडेल म्हणून किनाऱ्यावर ठेवून जातो. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला आवाज यायचा, “नारळ फॉर सुपारी, रेडिओ चेक, ओव्हर.” आपण ‘लाउड अँड क्लिअर’ म्हणायचं, म्हणजे आवाज स्वच्छ येतोय. शिवाय रविवारी वर्ग. वर्गात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा. एक, बोलून झालं की बटणावरचं बोट काढा, नाहीतर तुमच्या एका बोटाखाली सगळ्यांची तोंडं बंद होतात. दोन, असं कोणी एक नंबरचं चॅनेल अडवलं, तर गडबड न करता चार नंबरवर जा, मी तिथे असेन. आम्ही माना डोलवायचो आणि मी मनातल्या मनात त्यांची मान टिपून घ्यायचो.

कारण माझा खरा धंदा नकलांचा आहे. घर भाड्यानं देतो ते प्रेक्षक मिळावेत म्हणून. जेवणं झाली की मी झोपाळ्यावर बसतो, पाहुणे ओटीवर सैलावतात, आणि काकांचा खेळ सुरू होतो. गॅसचा किस्सा, लेकीचा किस्सा, काकी स्वयंपाकघरातून ‘चहा तयार, ओव्हर’ म्हणतात तो किस्सा. पण सगळ्यात जोरदार हशा मिळायचा तो बर्फाच्या किश्शाला. हा मला काकांनीच सांगितला होता, एकदा आम्ही दोघेच वाडीत शिंपणं करत असताना. बर्फातली चौकी, थंडीनं बॅटरी मरू नये म्हणून ती तान्ह्या मुलासारखी कोटाच्या आत धरलेली, आणि दात वाजत असताना ‘से अगेन, से अगेन’ म्हणून चाललेला आरडाओरडा. मी पोटाशी उशी धरून तो असा करायचो की माणसं डोळे पुसायची. खऱ्या गोष्टीला शेवट होता. गस्तीवर गेलेले तिघे बोलत होते, आवाज फुटत होता, काकांना कळत नव्हतं, आणि तिसऱ्या ‘से अगेन’नंतर पलीकडून काहीच आलं नाही. ते तिघे परत आले नाहीत. तो शेवट मी कापला होता. त्याला हशा येत नव्हता.

परवाच्या सुट्टीत एका दुपारी घर भरलेलं होतं. एक बाई तर इतक्या हसत होत्या की मला स्फुरण चढलं. त्यांचे यजमान आणि मुलगी जयेशच्या बोटीतून फिरायला गेले होते. मी बर्फात शिरलो, दात वाजवले, उशी छातीशी धरली, झोपाळ्यावर नाचलोच म्हणा ना. तेवढ्यात अंगणात जयेश आला. खांद्यापर्यंत भिजलेला. पाहुण्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.

“दादा,” तो म्हणाला, “जरा उठा झोपाल्यावरनं.”

मी उठलो. त्यानं गादी उचलली. खाली माझा वॉकीटॉकी होता, बटण दबलेलं, लाल दिवा लागलेला. पाऊण तास मी त्याच्यावर बसून होतो. पाऊण तास नागावच्या जाळ्यावर माझ्याशिवाय कोणाला बोलता येत नव्हतं, आणि माझं सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग त्यानं सांगितलं. ओहोटीला बोटीचं इंजिन बंद पडलं आणि बोट खडकांकडे सरकायला लागली. त्यानं बटण दाबलं, हाक मारली, बटणावरचं बोट काढलं, तर उत्तरादाखल माझी नक्कल. पुन्हा हाक, पुन्हा नक्कल. शेवटी तो चार नंबरवर गेला, तर काका तिथे आधीच येऊन बसले होते. “यकदा बी आवाज चढवला न्हाय त्यांनी,” जयेश म्हणाला. “नांगर टाक, मानसं मोज, जॅकेटं बघ. दुसरी बोट धाडली.” सगळे सुखरूप होते. त्या बाई तोवर चपला न घालताच समुद्राकडे धावल्या होत्या. मी त्यांच्यामागे निघालो आणि फाटकापाशी थांबलो. कोणत्या तोंडानं जायचं ते कळेना.

संध्याकाळी सहाला आवाज आला. “नारळ फॉर सुपारी, रेडिओ चेक, ओव्हर.” रोजचाच आवाज, ना कमी ना जास्त. मला बटण दाबता आलं नाही. काकांनी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेनंतर मला अचानक कळलं की मी त्यांच्याशी काय करतोय, आणि मी बटण दाबलं. नुसता श्वास गेला. “श्वास लाउड अँड क्लिअर,” काका म्हणाले. “आउट.”

सकाळी त्यांच्याकडे गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादं भाषण नक्कल न करता पाठ केलं असेल. ते मी सुरू करायच्या आतच काकांनी माझ्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला, चष्मा लावला आणि बटण चारदा दाबून बघितलं.

“स्प्रिंग सैल हाय,” ते म्हणाले. “बस तू.” आणि पेचकस आणायला मागच्या पडवीत गेले. ती स्प्रिंग अगदी ठणठणीत होती. त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

ओटीवर काकी सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. आदल्या दिवशी काका चार नंबरवर गेले तेव्हा एक नंबर मोकळा होतो का ते ऐकत बसायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे माझा सगळा खेळ त्यांनी ऐकला होता, चहाचाही आणि बर्फाचाही. बर्फाची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. काकांनी संसारात कधी सांगितली नव्हती ती गोष्ट काकींनी त्यांना रात्री विचारली, आणि काकांनी ती शेवटासकट सांगितली. हे मला काकींनी सुपारीवरची नजर न काढता सांगितलं. मी म्हणालो, काकी, माझं चुकलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पडवीत काका हत्यारांचा डबा धुंडाळत असल्याचा आवाज येत होता. काकींनी तिकडे एकदा पाहिलं आणि एकदम बोलून गेल्या,

“झोपेत ‘से अगेन, से अगेन’ करायचे रे, तीस वर्षं. मला वाटायचं मलाच विचारतायत. मी आपली दर वेळी सांगायचे, कडी घातलीय, गॅस बंद केलाय, झोपा आता.”