सुरीमावशी

सुरीमावशी कुणाच्याही हातात सुरी देत नसत. उंबऱ्यावर ठेवायच्या, पदर सावरत मागे सरायच्या आणि म्हणायच्या, "उचल बाई आता. हातात दिली की भांडान हुतं." हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण इतक्या इमानाने पाळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सुरी होतीही जपण्यासारखी. वीतभराहून लांब पातं, त्याला करवतीसारखे एकसारखे दाते, शिसवी मूठ आणि मुठीत पितळेचे खिळे. पिंपरीत कारखाना उभा राहत होता तेव्हा मावशी एका गोऱ्या इंजिनीयरच्या बंगल्यावर कामाला होत्या. मायदेशी परतताना त्याच्या मडमेने ही पाव कापायची सुरी त्यांना दिली. मावशी मूळच्या कुरुळीच्या, जन्म भाकरीवर गेलेला. "टकल्याला कंगवा मिळाला," असं आमचे हे म्हणायचे.

पण त्या काळी आमच्या चाळीत पाव यायचा तो आजाऱ्यासाठी. डॉक्टर दूध-पाव सांगत, कुणीतरी कॅम्पातल्या बेकरीतून पाव आणी आणि सुरीसाठी मावशींच्या दारात उभं राही. बहुतेकदा त्या स्वतःच येत. "दाबायचं न्हाई, नुस्तं वढायचं. पावाचा लगदा झाला की आजाऱ्याची वासना उडती." त्यांच्या ताटलीत चुरा म्हणून दिसत नसे. गोवरातून उठलेल्या माझ्या धाकटीने पहिला घास घेतला तो मावशींनी कापलेल्या पावाचा. मी तर त्यांना देवच मानायचे.

मग त्यांचा मुलगा दिनकर आजारी पडला. एकुलता एक, विधवेने वाढवलेला, नुकताच कंपनीत लागलेला. विषमज्वर. मावशी रोज ताजा पाव आणायला लावत. आधी बोटभर जाड काप, मग पातळ, मग इतके पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. "एवढा तरी खा रं बाबा." तो मान फिरवायचा. एका सकाळी मी गेले तर मावशी काप करत होत्या आणि दिनकर गेलेला होता. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कापून झालं म्हंजी रडते."

त्यानंतर चाळीतली आजारपणं थांबली नाहीत, पण मावशींच्या दारात कुणी जाईना. त्या सुरीला गुण नाही, असं बायका कुजबुजत आणि पाव हाताने तोडत. मी एकेकीला तोंडावर सुनावलं, तोंडाची मी पहिल्यापासून फटकळच. काही उपयोग झाला नाही. मावशी मात्र रोज दुपारी सुरी उंबऱ्यावर ठेवून बसायच्या आणि दिवेलागणीला उचलून आत न्यायच्या. मला ते बघवत नसे.

शेवटी कुरुळीहून भाऊ त्यांना न्यायला आला. निघताना त्या फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन माझ्याकडे आल्या. मी सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं. त्यांनी ती सरळ माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं मिटली.

"अहो मावशी, हातात?"

"आसू दे. भांडान तर भांडान. भांडायला तरी कुनी यील माझ्याकडं."

थंडी सरल्यावर मी मुद्दाम कुरुळीला गेले. जाताना भांडणाचं कारणही ठरवून ठेवलं होतं: दाते बोथट झाले तर कुणाकडे जायचं, हे न सांगताच कशा निघून आलात? दारात भाऊ उभा होता. मावशी जाऊन महिना झाला होता.

भांडण तसंच घेऊन मी परत आले.