पोट सुटलेली कालवड

लग्न होऊन मी वडगाव रासाईला आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता आणि गावात संकरित जनावरांचं वारं शिरलं होतं. आमच्या गावठी गाईलाही एक जर्सी कालवड झाली होती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, ते या कालवडीसाठी वेडे झाले होते. उजाडायच्या आत तिला घेऊन भीमेकाठी जायचे. दंवानं भिजलेलं कोवळं गवत तिच्यासारख्या साहेबी जनावराला मानवतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

कालवडीचं पोट दिवसेंदिवस सुटत चाललं. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या पोटावर थाप मारून दाखवायचे. "बगा, कसा नगारा झालाय. खाल्ल्यालं अंगी लागतंय!"

सासूबाईंना ते पटत नव्हतं. "आवं, निसतं पोटच वाढतंय. पाठीचं हाड बगा, वर आलंय. केस बगा, जुन्या केरसुणीवानी झाल्यात. आन् रोज शेण पातळ टाकतीय."

"तुला जर्सीतलं काय कळतंय?" आबा म्हणायचे. तिथं विषय संपायचा.

मग एके दिवशी चावडीपुढं जनावरांचं शिबिर भरलं. आबांनी कालवडीला आंघोळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि जणू बक्षीस घ्यायलाच निघाल्यासारखे पटका बांधून निघाले. बघायला आम्ही दोघी सासवा-सुनाही मागोमाग गेलो.

शिरूरहून आलेले डॉक्टर तरुण होते. त्यांनी कालवडीची पापणी उलटून पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "आबा, हिच्या पोटात जंत झालेत. रक्त कमी झालंय."

आबांचा चेहरा असा झाला, की जणू भर पंगतीत कुणी घराण्यावर बोललं. "जंत? आमच्यात? डाक्टर, आमच्यात कुनाला आजपातूर जंत झालं न्हाईत!"

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी कालवडीचं थोडं शेण घेतलं, पाण्यात कालवून गाळलं, काचेवर थेंब ठेवला आणि टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाकडं वळवला. "या, तुम्हीच बघा."

आबा वाकले. एक डोळा मिटून दुसरा नळीला चिकटवला. मग ओरडले, "आरं बापरं, ह्ये तर केसाळ हायती!"

"त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा जरा मागं घ्या."

लोक हसले. आबांनी डोळा मागं घेतला आणि पुन्हा पाहिलं. उठले तेव्हा आवाज पार उतरला होता. "ह्ये समदं दानं कसलं?"

"जंतांची अंडी. शेणातून कुरणात पडतात, पिल्लं निघतात, ओल्या गवतावर चढून बसतात. तुम्ही भल्या सकाळी तेच तिला चारताय. दंव उडाल्यावर सोडत जा, मोठ्या जनावरांच्या मागं चारू नका, आणि ही पूड पाण्यातून पाजा. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा."

 सासूबाई नुसत्या पदर सावरून उभ्या राहिल्या. आबांना तेच जास्त लागलं असावं.

घरी औषध पाजायचा सोहळा झाला. आबांनी कालवडीचं डोकं धरलं, सासूबाईंनी बांबूच्या नळकांड्यातून हळूहळू औषध ओतलं. शेवटचा घोट तोंडातच धरून कालवड फुर्रकन शिंकली. आबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, थोडं पोटातही गेलं.

"आता माझं काय हुईल?" आबा घाबरून म्हणाले.

"काय हुतंय? असतील तर पडतील," सासूबाई म्हणाल्या.

औषधाचा गुण दिसू लागला आणि आबांची दिशाच बदलली. ऐकणारा दिसला की त्याला ते जंत समजावून सांगत. त्याच सुमारास माझ्या नणंदेला बघायला दौंडकडचे पाहुणे आले. नणंद नटूनथटून आत बसलेली, मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. बाहेर आबांनी मुलाच्या वडिलांना गोठ्यात नेलेलं! जंत, अंडी, ओलं गवत, सगळं चालू होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीचं लगीन मोडतंय आता शेनापायी."

पोहे गार झाले तेव्हा कुठं मंडळी ओसरीवर आली. नणंद पाटावर बसली. मुलाच्या वडिलांना काय विचारावं सुचेना. त्यांच्या डोक्यात गोठाच घोळत होता. शेवटी म्हणाले, "पोरी, आमचा बी एक गोऱ्हा पोटानं असाच फुगलाय. काय करावं?"

नणंदेनं मान खाली घालूनच सांगितलं, "आदी डाक्टरला शेन दावा. औषध त्येंनाच इचारून पाजा, मनानं नको. पाजताना डोकं लई वर धरू नका, न्हाईतर फुफ्फुसात जातंय. आन् दंव उडाल्याबिगर चरायला सोडू नका."

वडील मुलाकडं वळले. "आरं, तुला काय इचारायचंय?"

मुलगा लाजून म्हणाला, "न्हाई. समदं आलंच की."

सुपारी त्याच दिवशी फुटली. कालवडीचं पोट हळूहळू आत गेलं, पाठ भरली, अंगावर तुकतुकी आली. नणंद सासरी गेली आणि तिनं तिथल्या गोठ्याचा कारभार असा हातात घेतला, की तिचे सासरे आमच्याकडं आले की तक्रार करायचे, "तुमची पोरगी आमाला सकाळी वासरं सोडू देत न्हाई. आमी निसतं दंव उडायची वाट बगत बसतो." आबांची मात्र छाती फुगायची.