लॅपटॉप एकाचा, पसंती पाच जणांची

लातुरात क्लासच्या गल्लीत माझं लॅपटॉपचं दुकान आहे. वापरणारा एक असतो, पसंत करायला पाच जण येतात. त्यामुळे लॅपटॉप विकायच्या आधी किस्सा तयार होतो. सोबतीला मुजीबभाई, आमचे रिपेअरिंगवाले. ते कधी हसत नाहीत, म्हणून दुकान चाललंय.

*

अहमदपूरहून एक कुटुंब आलं. घासाघीस करायला मामा सोबत.

मी म्हणालो, "याची रॅम आठ जीबी आहे."

"आठ लई कमी झाले. दहा धरा."

मुजीबभाई म्हणाले, "मामा, आठाच्या वर सोळाच आहे."

मामांनी जरा विचार केला. "बरं, ना तुमचं ना आमचं. बारावर मिटवा."

*

चाकूरच्या एका गुरुजींना मुलासाठी लॅपटॉप हवा होता. "क्लासचे लेक्चर तेवढे दिसले पाहिजेत. बाकी समदं बंद करा."

केलं. आठ दिवसांनी गुरुजी एकटेच आले, लॅपटॉप पिशवीत. "क्रिकेट तेवढं सुरू करता येईल का?"

"मुलगा मागतोय?"

"न्हाई हो, त्याला कुठं वेळ हाय. तो क्लासला गेला की हे रिकामंच पडून ऱ्हातंय."

*

धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी कीबोर्ड अडकतोय म्हणून आले. मुजीबभाईंनी मशीन खोललं, अन् अख्खं दुकान खोकत रस्त्यावर! व्यापारी तेवढे आत शांत बसून राहिले.

मुजीबभाई डोळे पुसत परत आत गेले, तेव्हा व्यापाऱ्यांनी विचारलं, "माल कसा वाटला?"

मुजीबभाईंनी दोन किलो सांगून ठेवली.

*

किल्लारीकडचे एक काका लेकीला घेऊन आले. तिला पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. बिल्डिंगचे नकाशेही त्यावरच काढायचे, पिक्चरही त्यावरच बघायचे. तिला एक पातळसा लॅपटॉप फार आवडला. काकांनी तो तळहातावर तोलला आणि खाली ठेवला.

"जड दाखवा."

"अप्पा, हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर हाय. रोज घेऊन चढायचंय मला."

"म्हणूनच म्हणतो."

मी तिची बाजू घेतली. "काका, हलकाच बरा. काही झालं तर उचलून पळता येतं."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"भूकंपात आमचा धाकटा भाऊ बाहेर आला होता. चांगला अंगणात उभा होता माझ्याजवळ. रेडिओ आत राहिला म्हणाला. एवढासा तर हाय, आत्ता आणतो."

बोलून गेल्याचं मला फार वाईट वाटलं. मुजीबभाई सगळ्यात जड मशीन काढायला वाकले.

पोरीनं त्यांना हातानंच थांबवलं. हलका लॅपटॉप मिटला, बापापुढं सरकवला.

"अप्पा, तुम्हाला पटंल तो घ्या. मी सोडून पळंन."