तिसऱ्या तांब्याचं पाणी

"खिशात काय हाय?"

"कुठं काय?"

"मंग वाजून काय राह्यलं?"

नाट्यगृहाच्या पायरीवर, चारचौघांत, तातेरावांना शेंगांची पुडी बाहेर काढावी लागली. कांताबाईंनी ती घेतली आणि दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाच्या हातात ठेवली.

"घ्या. बाहेर उभं राहून खा."

"अगं, तीन तास बसायचं, तोंडाला काही—"

"तोंड बंद ठेवायचं तिकीट काढलंय आपण."

कांताबाई खरात परतूरच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्याला आठ वर्षं होत आली. पण शाळा अंगातून गेली नव्हती. जालन्यात संगीत नाटक वर्षाकाठी एखादंच यायचं. ते आलं की दोघं नवरा-बायको रेल्वेनं येत, अर्धा तास आधी खुर्चीवर बसत, आणि मग कांताबाईंची पर्यवेक्षणाची ड्यूटी सुरू होई. कुणाचा मोबाइल वाजला, की त्या मागं वळत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "कोणत्या शाळेत होतात हो?" एवढ्यानं भागायचं. ठेकेदारसुद्धा मोबाइल बंद करायचे.

लोकांना वाटे, बाईंना शिस्तीचा रोग आहे. खरी गोष्ट तातेरावांनाच ठाऊक होती. कांताबाईंचे वडील पुंजाराम आंबेडकरी जलशात गायचे. कांताबाई सहा-सात वर्षांच्या असताना एका गावी वडिलांनी सूर लावला, आणि पारावर बसलेली गावची बडी मंडळी मधेच उठली. एकेक करून. धोतरं झटकत, मोठ्यानं खाकरत. कुणी एक वावगा शब्द बोललं नाही. ती तोंडानं न दिलेली शिवी होती, आणि वडिलांनी ती ऐकत ऐकत गाणं पुरं केलं होतं. गाणं चालू असताना खुर्ची वाजली, की कांताबाईंच्या कानात अजून ते खाकरणं यायचं.

आजचं नाटक तर घरचंच. दीपमाला गाणार होती. कांताबाईंच्या शाळेत, चौथीत असताना कवितेला चाल लावून म्हणणारी दीपमाला. आता मंठ्याच्या दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून आठ महिने तिनं तालमी केल्या होत्या. हौशी मंडळी, नवं नाटक, रविवारी दुपारी चारचा एकच प्रयोग. दुसरा करायची कुणाची ऐपत नव्हती. कथा पटाचारेची. एकाच दिवसात नवरा, दोन लेकरं, आईबाप गमावलेली बाई. वेडीपिशी होऊन बुद्धांपाशी आलेली आणि भिक्खुणी झालेली. एके दिवशी पाय धुताना ती तांब्यानं पाणी ओतते. पहिल्या तांब्याचं पाणी जरासं वाहतं आणि जिरतं. दुसऱ्याचं थोडं पुढं जातं. तिसऱ्याचं आणखी पुढं, पण जिरतं तेही. कुणी बालपणी जातं, कुणी तरुणपणी, कुणी म्हातारपणी. तिसरं पाणी जिरताना तिला हे उमगतं आणि तिचं रडं थांबतं. पहिल्या अंकाच्या शेवटी याचंच पद होतं, तीन कडव्यांचं.

"बाई, तिसऱ्या कडव्यात माझा आवाज लागतो का, तेवढं बघा," दीपमाला फोनवर म्हणाली होती. "बाकी कुणी काही म्हणो."

चार वाजले. सव्वाचार. पुढच्या दोन रांगांवर पांढरे अभ्रे घातलेले आणि एकही माणूस नाही.

"हे कुणाचं?" कांताबाईंनी स्वागत समितीचा बिल्ला लावून फिरणाऱ्या पोराला विचारलं. कल्याण त्याचं नाव.

"आदिनाथभाऊ येऊन राह्यले, मावशी. नाटकाला खर्चा त्यांनीच दिला."

"मंग चारची वेळ कशाला छापली?"

"निघालेत. रस्त्यातच हायेत. बिलकुल दोन मिनिटं."

चार चाळीसला तिसरी घंटा झाली. शेवटी भाऊंना सोडूनच. पडदा उघडला. शेजारचा माणूस फोनवर सांगत होता, "हां, नाटकात हाय. बोल. न्हाई, जोरात बोल, गाणं चालू हाय!" कांताबाईंनी त्याला शाळा विचारली. पुढची एक बाई अख्खा प्रवेश मोबाइलमध्ये भरून घेत होती, तिला म्हणाल्या, "अगं, ती समोर जित्ती उभी हाय की." तातेराव खुर्चीत खाली सरकत सरकत जवळजवळ दिसेनासे झाले होते.

आणि मग ते पद आलं. दीपमाला रंगमंचाच्या मधोमध बसली. समोर मातीचा पट्टा, शेजारी घागर. तिनं पहिला तांब्या ओतला. खरंखुरं पाणी. ते सळसळलं, जिरलं. पहिलं कडवं संपलं तेव्हा शेजारच्या माणसानं फोन आपणहून खिशात घातला. दुसरा तांब्या. दीपमालाचा आवाज आता घशातून येत नव्हता, कुठून तरी खालून येत होता. तातेराव हळूहळू वर आले, नीट बसले. तिसऱ्या कडव्यासाठी तिनं तांब्या भरला, श्वास घेतला—

मागचं दार धाडकन उघडलं.

"आदिनाथभाऊ तुम आगे बढो!"

उजेडाचा लोंढा आत आला, मागून पंधरा-वीस माणसं. कल्याण बाजूनं रंगमंचावर चढला, बूट घालून, हातात माईक. "थांबा ताई, थोडं थांबा. लाईट लावा रे! ज्यांची आपण आतुरतेनं वाट बघत होतो..."

पेटीवाल्यानं दोन क्षण सूर धरून ठेवला, मग सोडला. बुटाचा पाय ओल्या मातीत पडला. भाऊ वर आले. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. ताट धरायला कुणी नव्हतं. कल्याणनं इकडंतिकडं बघितलं आणि शालीचं ते ताट सरळ दीपमालाच्या हातात दिलं.

पटाचारेच्या हातात. पाच माणसं मेलेल्या बाईच्या हातात. ती भिजल्या चिवरात उभी राहिली, ताट धरून, एखाद्या लग्नातल्या करवलीसारखी.

कांताबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या.

"कांता, जाऊ दे," तातेराव कुजबुजले. "बीपीची गोळी घेतली का?"

"गप बसा."

भाऊ सात मिनिटं बोलले. कलेची सेवा, आपला जिल्हा, मागं पडलेला मराठवाडा. कल्याणनं आभार मानले आणि घड्याळ बघून म्हणाला, "आता वेळ कमी असल्यामुळं आपण इथंच मध्यंतर घेऊ. चहाची व्यवस्था—"

पडदा हलला. आणि त्याच क्षणी कांताबाई उभ्या राहिल्या.

"वन्समोर!"

पद रंगलं की प्रेक्षकांनी 'वन्समोर' म्हणावं आणि गायकानं ते पुन्हा म्हणावं, ही संगीत नाटकातली जुनी चाल. कांताबाईंना ती कधीच पसंत नव्हती. "नायिका मेली, की तुम्ही तिला उठवून परत मरायला लावता," असं म्हणत त्या वन्समोर देणाऱ्यांकडं डोळे वटारून बघायच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी नाटकात आवाज काढलेला नव्हता. आता निघाला तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता.

सगळं सभागृह वळलं. कल्याण हसला. "मावशी, गाणं पुरं झालंच न्हाई, तं वन्समोर कशाचा?"

"न्हाई झालं ना पुरं?"

"न्हाई ना."

"बरं झालं, तुझ्याच तोंडून आलं. माईकमधून आलं. ऐकलं का सगळ्यांनी? गाणं पुरं झालं न्हाई. मंग मध्यंतर कशाचं?"

कल्याणनं माईक खाली घेतला. कुठून तरी हशा आला.

"वन्समोर!" तातेराव शेजारून ओरडले आणि ओरडल्यावर स्वतःच दचकले. मग शेजारचा फोनवाला. मग मागच्या सगळ्या रांगा. कुणी खुर्च्यांचे हात बडवायला लागलं.

आदिनाथभाऊ माणूस ओळखणारे. त्यांनी शालीखालून हात वर केला. "होऊ द्या, होऊ द्या! माउलींची इच्छा हाय. माझी परवानगी हाय."

हे मात्र कांताबाईंना शांत करण्याऐवजी भलतंच झोंबलं. "परवानगी?" त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही दीड तास उशिरा आले. आम्ही दीडशे-दीडशेचं तिकीट काढून चारला आलो. ती पोरगी आठ महिने तालमीला आली. परवानगी तिला मागायची असती. अन् तिच्या हातातलं ताट आधी घ्या कुणीतरी. ती तुमची वाढपी न्हाई."

भाऊंच्या कपाळावर एक शीर उठली. मग त्यांनी, काय मनात आलं कुणास ठाऊक, ताट स्वतः घेतलं आणि कल्याणच्या छातीवर टेकवलं. "धर हे. जल्दी उतर खाली." ते उतरले आणि पुढच्या रांगेत, पांढऱ्या अभ्र्यावर बसले. शाल अंगावर तशीच.

सभागृहातले दिवे मालवले. दीपमालानं वाकून मातीतला बुटाचा ठसा हातानं सारखा केला. भरलेला तांब्या गडबडीत लवंडला होता. तिनं घागर कलती करून पाहिली. पाणी एका तांब्यापुरतंच उरलं होतं. तिनं पेटीकडं बघितलं, आणि सूर घेतला तो पहिल्या कडव्याचाच. पहिला तांब्या तिनं रिकामाच कलता केला. दुसराही. पाणी नव्हतं, पण अख्खं सभागृह मातीकडं बघत राहिलं आणि ते कुठवर गेलं ते प्रत्येकाला दिसलं. तिसऱ्याला तिनं खरं पाणी ओतलं.

आवाज लागला का? वरच्या सुराला तो चिरकला. तालमीत घोटलेली तान तिनं घेतलीच नाही. सरळ, ठणठणीत म्हटलं, भांडणात शेवटचं वाक्य बोलतात तसं. पाणी मातीवरून निघालं, पट्टा ओलांडून लाकडी फळ्यांवर आलं, पुढं, अजून पुढं. कांताबाईंना समोरच्या डोक्यांमुळं दिसेना. त्या मान उंच करत करत कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाच कळलं नाही.

"ओ मावशी!" मागून कुणीतरी दातओठ खात कुजबुजलं. "खाली बसा की! दिसून न्हाई राह्यलं!"

कांताबाई गर्रकन वळल्या. मागं अंधारात ओळीनं माना ताणलेल्या होत्या. एकही डोळा त्यांच्याकडं नव्हता. त्या गुपचूप खाली बसल्या.

"कुठवर गेलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"शूऽऽ," तातेराव म्हणाले.